थांबता येणे

‘थांबला तो संपला’ असे आपल्याकडे मोठ्या उत्साहाने सांगतात. शाळेच्या फळ्यावर ते लिहितात, निरोपसमारंभात ऐकवितात, आणि मालमोटारींच्या पाठीवरही ते रंगविलेले मी पाहिले आहे. मालमोटारीच्या पाठीवर ते वाचले की मला मात्र हसू येते. कारण वाहनांच्या बाबतीत खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. ज्याला थांबता आले नाही तो संपला! त्या मालमोटारीच्या चालकालाही हे पक्के ठाऊक असते. म्हणून तर त्या सुभाषिताच्या खालीच त्याने ‘अंतर ठेवा’ असेही रंगवून घेतलेले असते.

पण आपले कौतुक सारे पळण्याचे! आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या पाडव्याला नवी मोटार घेतली. पेढे खायला सारी आळी जमली. कुणी विचारले, एका लिटरला किती जाते? कुणी विचारले, गाणी वाजतात का? एका आजीबाईंनी, आत गारवा कितपत होतो, याची चौकशी केली. छपराला उघडणारी काच आहे हे कळल्यावर मुले तर आनंदाने नाचू लागली. ही गाडी थांबते कशी, हे मात्र एकानेही विचारले नाही. थांबायचे ते थांबणारच, अशी प्रत्येकाची खात्री! श्वास आणि ब्रेक या दोन गोष्टींची आठवण माणसाला त्या अडखळल्यावरच होते.

मी तीस वर्षे कोल्हापूरच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकविले. घर्षण हा माझा आवडता पाठ. मुलांना मी सांगत असे, घर्षण हा शत्रू नव्हे. ते नसते तर तुम्हांला चालता आले नसते, फळ्यावर खडू उठला नसता आणि बाकावर बसल्या जागी तुम्ही घसरला असता. मुले हसत. परंतु त्या पाठाचा खरा अर्थ मला निवृत्तीनंतर आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात, एका उपड्या डब्यावर बसून, अधिक चांगला कळला.

त्याला निमित्त झाले भाऊबीज. आमचा मुलगा रत्नागिरीला असतो आणि मुलगी कोल्हापुरातच. यंदा भाऊबीजेला मुलगी आपल्या दोन पोरांना आणि आपल्या आईला घेऊन, स्वतः गाडी चालवीत, आंबा घाट उतरून भावाकडे जाणार होती. मुलगी गाडी उत्तम चालविते. पण घाटाचे नाव निघाले की आमच्या सौभाग्यवती एकदम देवांची नावे घेऊ लागतात. मुलीने हसून म्हटले, “आई, देवाला सांग, पण आधी मिस्त्रींना सांगू या.” त्या दोघींचे हे भाषण मला फार आवडले. गाडी घेऊन आम्ही दोघे, मुलगी आणि मी, मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी पुढचे चाक काढले आणि ती इवलीशी वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. ब्रेक पॅड! तळहातावर सहज मावेल एवढी पोलादाची पट्टी आणि तिच्यावर घट्ट चिकटविलेला करड्या रंगाचा, दगडासारखा दिसणारा थर. सायकलच्या ब्रेकची रबरी गुटकी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. ब्रेक दाबला की ती दोन बाजूंनी चाकाच्या कड्याला चिमटीत धरते. मोटारीतही तीच युक्ती. चाकाबरोबर ओतीव लोखंडाची एक तबकडी फिरत असते. तिला मिस्त्री ‘डिस्क’ म्हणतात. तिच्या दोन बाजूंना दोन पॅड असतात. आपण पायाने पेडल दाबले की नळीतले ब्रेक ऑइल त्यांना ढकलते आणि ते तबकडीला दोन्हीकडून आवळतात. जुन्या अँबॅसडरला आणि फियाटला तबकडीऐवजी ड्रम असत आणि त्यांच्या आत अर्धचंद्राकार ‘शू’ बाहेरच्या दिशेने फाकत. आजही बऱ्याच लहान गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रमच असतात. पुढे मात्र डिस्क. कारण ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते, आणि थांबविण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकांनाच करावे लागते.

आता हे काम केवढे आहे पाहा. माणसांसकट बाराशे किलो वजनाची गाडी पाचशे मीटर उंचीचा घाट उतरते आहे असे समजा. सारा भार ब्रेकवरच टाकला, तर त्या उतरणीत सुमारे ५९ लक्ष ज्यूल ऊर्जेची उष्णता करून टाकावी लागेल. आकडा रुक्ष आहे. म्हणून घरगुती भाषेत सांगतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अभ्यंगासाठी बंब पेटवितो ना? त्या वीस लिटरांच्या बंबातल्या साध्या पाण्याला खळखळून उकळी आणण्याएवढी ही उष्णता आहे! आणि ती मुख्यतः झेलायची कोणी? पुढच्या दोन तबकड्यांनी आणि तळहाताएवढ्या चार पॅडांनी. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडीच्या गतीची ऊर्जा चौपट होते. ताशी ऐंशी किलोमीटरने जाणारी गाडी थांबविणे हे ताशी चाळीसने जाणारी गाडी थांबविण्याच्या दुप्पट नव्हे, चौपट कष्टाचे काम आहे.

एवढा ताप सहन करील अशी वस्तू शोधून काढायला माणसाला बरीच वर्षे लागली. त्या शोधाची सुरुवात एका गृहिणीने केली, हे वाचून आमच्या सौभाग्यवतींना विशेष समाधान वाटले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ या बाई, नवऱ्याला न सांगता, त्याने बनविलेली तीनचाकी मोटार बाहेर काढून, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. त्यापूर्वी मोटारीने इतक्या लांब कोणी गेलेच नव्हते. वाटेत उतारांवर ब्रेकची लाकडी गुटकी झिजली. तेव्हा बाईंनी एका गावातल्या चांभाराला गाठले आणि त्या गुटक्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराचा जन्म असा माहेरच्या वाटेवर झाला!

पुढे १८९७ मध्ये इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने ब्रेकची अस्तरे बनविण्याचा धंदाच काढला. घोडागाड्यांचे चालक उतारावर ब्रेकला जुने बूट बांधतात, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. आपल्या नावातली अक्षरे उलटसुलट करून आणि त्यांत पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर घालून त्याने ‘फेरोडो’ हे नाव तयार केले. १९०२ मध्ये लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरने डिस्क ब्रेकचा हक्क नोंदविला. पण त्याचे पॅड तांब्याचे होते, आणि ते असे काही किंचाळत की लोकांनी कानांवर हात ठेवले. अखेर या सर्वांवर एक उपाय सापडला, तो म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. खाणीतून निघणारा हा तंतुमय खनिज पदार्थ उष्णतेने जळत नाही, स्वस्त मिळतो, आवाज करीत नाही. साऱ्या जगाने तो डोक्यावर घेतला आणि पुढची अनेक दशके ब्रेकच्या अस्तरात तोच नांदला.

इथे मिस्त्री बोलता बोलता थांबले. हातातले कापड त्यांनी पाण्याच्या डब्यात बुडविले, पिळले, आणि चाकाच्या आतली काळी पूड हळूच टिपून घेतली.

“सर,” ते म्हणाले, “हे गॅरेज आमच्या बाबांचं. तेव्हा सगळ्या ड्रमच्या गाड्या. लायनर आणायचं, शूवर ठेवून रिबिटा मारायच्या, काचकागदानं घासायचं, आणि मग ड्रममधली धूळ, फू! तोंडानं फुंकायची, नाही तर हवेचा पाइप मारायचा. सगळं गॅरेज पांढरं व्हायचं. शेवटची सात-आठ वर्षं बाबा खोकत होते. कशानं, ते नीट कुणी सांगितलंच नाही. पण मी फुंकर मारत नाही. आणि ह्या पोरांना मारू देत नाही.”

त्यांच्या वडिलांच्या खोकल्याचे कारण मी सांगू शकत नाही. परंतु अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात, तिथे वर्षानुवर्षे रुतून बसतात आणि पुढे फुप्फुसे कठीण होण्याचा विकार किंवा कर्करोग होऊ शकतो, हे आता निर्विवाद आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये त्याच्यावर बंदी घातली, आणि २००५ पासून सबंध युरोपीय संघात ती लागू झाली. ज्या वस्तूने लाखो प्रवाशांचे प्राण राखले तिनेच ती बसविणाऱ्यांच्या छातीवर घाव घातला! म्हणून पॅड घेताना पाकिटावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसविरहित’ असे लिहिले आहे ना, एवढे पाहणे हा नुसता चोखंदळपणा नव्हे. ते ज्याच्या हातांनी बसणार त्याच्याविषयीचे ते आपले कर्तव्य आहे.

“मग आता काय घालायचे?” मुलीने विचारले. मिस्त्रींनी फळीवरून तीन पाकिटे काढली. त्यांचे वर्णन ऐकता ऐकता मला दिवाळसणाला आलेल्या तीन जावयांची आठवण झाली. वाचकांनीही त्यांना त्याच नात्याने ओळखून घ्यावे.

पहिला जावई ‘ऑरगॅनिक’. वनस्पतींचे किंवा कृत्रिम तंतू, रबर, खनिजांची भुकटी आणि हे सारे बांधून ठेवणारी राळ, असा त्याचा घाट. स्वभावाने मऊ, बोलणे हळू, मागणे थोडे. तबकडीला तो जपतो आणि थंड असतानाही पहिल्या दाबाला चांगला पकडतो. पण त्याला ताप सोसत नाही आणि तो लवकर झिजतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला हा उत्तम. याच्या अंगात आपल्या कोकणातलेही रक्त असते बरे का! काजूच्या बीच्या टरफलात जे जहाल तेल असते, ज्याचा थेंब लागला तर बोटांची कातडी सोलवटते, ते तेल घट्ट करून त्याची भुकटी ब्रेकच्या मसाल्यात घालतात. त्या भुकटीने घर्षण एकसारखे राहते आणि आवाज कमी होतो. काजूकतली खाताना टरफलाचा विचार कोण करतो? पण ते टरफलही कुठे तरी एखाद्या घाटात कामी येत असते.

दुसरा जावई ‘सेमी-मेटॅलिक’. त्याच्यात पोलादाचा कीस, लोखंडाची भुकटी, ग्रॅफाइट वगैरे मिळून वजनाने सुमारे तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्याहूनही अधिक धातू असतो. हा कष्टाळू, राकट, उन्हातान्हाला न डगमगणारा. धातूमुळे उष्णता लवकर वाहून जाते, म्हणून ओझे आणि उतार यांना तो पुरून उरतो. पण बोलण्यात जरा मोठा आवाज, सकाळी थंडीत अंमळ सुस्त, चाकावर काळी पूड फार उडविणारा आणि तबकडीला घासून काढणारा. त्याच्याशी संसार करणाऱ्या तबकडीला सहनशील असावे लागते.

तिसरा ‘सिरॅमिक’. चिनी मातीच्या भांड्यांच्या जातीतले तंतू यात असतात. १९८० च्या दशकात हा पुढे आला. कपडे स्वच्छ, बोलणे जवळजवळ नाहीच, पूड थोडी आणि तीही फिकट, आयुष्य मोठे. मात्र हुंडा जबर! रोजच्या शहरी वापराला याच्यासारखा सभ्य सोबती नाही. परंतु फार ओझे आणि सतत जोराचे ब्रेक असतील तिथे दुसराच जावई सरस ठरतो. या पाकिटांत तांबेही असते. ते झिजून पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत जाते आणि माशांना बाधते, म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२५ पासून नव्या पॅडमध्ये अर्ध्या टक्क्याहून अधिक तांबे चालत नाही. झिजलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती कुठे तरी जाऊन पडते, हा धडा अ‍ॅस्बेस्टॉसने दिला होता तोच तांब्यानेही दिला.

मिस्त्रींनी जुने पॅड मोजले. नव्या पॅडचा थर दहा-बारा मिलिमीटरांचा असतो. आमचा तीनवर आला होता.

“गावात अजून थोडे दिवस ओढता येईल,” मिस्त्री म्हणाले, “पण तीनला आलं की बदलायचं. त्यात ताईंना घाट उतरायचाय.”

शेजारीच उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने आपुलकीने सुचविले, “बाजारात निम्म्या किमतीत मिळतात हो, हुबेहूब असेच!” मुलीने त्याला शांतपणे विचारले, “ते घाटात हुबेहूब असेच थांबतात का?” तो गृहस्थ काही बोलला नाही. गाडीच्या कारखान्याने ठरवून दिलेल्या जातीचेच, खात्रीच्या दुकानातले पॅड तिने निवडले, आणि पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलायला सांगितले. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने घातले की ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढली जाते.

काम चालले असता मिस्त्रींनी निगेच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या इथे देतो. दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ कुटुंबे गावाला निघतात. त्यांना त्या उपयोगी पडतील.

पॅड आपली अखेर जवळ आल्याचे स्वतःच सांगतो. बऱ्याच पॅडांना पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर झिजला की ती तबकडीला टेकते आणि बारीक, कर्कश चीं-चीं ऐकू येते. ती विनंती असते. तिकडे दुर्लक्ष केले तर पुढे खर्र-खर्र आवाज येतो, ती धमकी. तेव्हा तबकडीच्या लोखंडावर पोलाद घासत असते आणि पॅडच्या खर्चात तबकडीचा खर्च मिळविलेला असतो. मात्र पावसाळ्यात रात्रभर भिजलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखरते, त्याला घाबरू नये. तबकडीवर आलेला तो कोवळा गंज असतो, लगेच पुसला जातो.

नवे पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर नव्या सुनेसारखे वागवावेत. एकदम जोराचा ब्रेक नको. बेताच्या वेगावरून हळूहळू, अनेकदा दाबावा. पॅड आणि तबकडी यांची तोंडे एकमेकांना जुळावी लागतात. मुलीने यासाठीच निघण्याच्या आदल्या दिवशीवर न ठेवता दोन आठवडे आधी काम उरकून घेतले होते, आणि मधल्या काळात पन्हाळ्यापर्यंत दोनदा जाऊन आली.

पॅडच्या तोंडाला तेलाचा वा ग्रीसचा स्पर्श होऊ देऊ नये. कॅलिपरच्या सरकत्या दांड्या मात्र साफ करून त्यांना उष्णता सोसणारे खास ग्रीस लावावे. त्या अडकल्या की एकच पॅड झिजत राहतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतली ओल शोषून घेते. नेहमीचे ‘डॉट ४’ जातीचे नवे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेले १५५ अंशांवरही उकळू शकते. ते उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दबते! पेडल तळाला जाते आणि गाडी तशीच पुढे.

आणि सर्वांत मोठी निगा पायाची. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ही जुन्या चालकांची शिकवण आजही खरी आहे. मग इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते आणि बंबातले बरेचसे पाणी पॅडांना तापवावे लागत नाही. पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून घाट उतरणे म्हणजे दोन रुपये वाचविण्यासाठी कठड्यावरून चालणे. ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. दाबावा, वेग कमी करावा, सोडावा, पॅडांना श्वास घेऊ द्यावा. करपट वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर ते ब्रेक फार तापल्याचे लक्षण. तापलेली राळ वायू सोडते आणि पकड सुटू लागते. अशा वेळी सुरक्षित जागा पाहून थांबावे, ब्रेक आपोआप निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये, तबकडी वाकडी होते किंवा तडकते.

झिजणाऱ्या वस्तूचे कौतुक आपल्या भाषेने एकट्या चंदनाला दिले आहे. चंदन देवासाठी झिजते आणि सुवास मागे ठेवते. पॅड माणसासाठी झिजतो आणि मागे काळी पूड ठेवतो. सुवासाला नमस्कार करणे सोपे. ती काळी पूड ओल्या फडक्याने टिपणाऱ्या हातांची आठवण ठेवणे जरा अवघड.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी साखरप्याहून मुलीचा फोन आला. “बाबा, घाट उतरला. दुसऱ्या गिअरमध्ये. वास नाही, आवाज नाही. आणि आई झोपली होती!” घाटात देवांची नावे न घेता आमच्या सौभाग्यवती झोपल्या, याहून मोठे प्रशस्तिपत्र ब्रेकला आजवर मिळाले नसेल.

संध्याकाळी मी फराळाचा डबा घेऊन गॅरेजात गेलो. डब्याबरोबर बारीक धूळ अडविणाऱ्या मास्कचे एक पाकीटही नेले होते. मिस्त्रींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि भिंतीवरच्या खिळ्याला, पोरांच्या हाताला येईल असे अडकविले. त्यांच्या हाताखालचा सर्वांत धाकटा पोरगा चकलीकडे बघत होता. तो पुढे झाला, मधेच थांबला, नळापाशी गेला आणि साबण लावून कोपरापर्यंत दोनदा हात धुऊन आला. मग त्याने चकली उचलली. मिस्त्री त्याच्याकडे पाहत होते. ते काही बोलले नाहीत. डबा फक्त त्याच्या बाजूला थोडा सरकविला.